एलायजा थॉर्नची गिरणी

माईंनी थर्मासाचं नाव काढलं तेव्हा माझ्या तोंडात आंब्याची डाळ होती. आंब्याची आपली म्हणायची. इथे अमेरिकेत, शॉमबर्गला कैरी कुठून आणणार, आंबट हिरवं सफरचंद किसायचं, वर लिंबू पिळायचं आणि चैत्र झाला म्हणायचं. तोही शनिवारी, कारण गौरीनं कितीही मनात आणलं तरी मंगळवारी आम्हाला सुट्टी नसते. सुनेत्राच्या फॅमिली रूममध्ये गौर छोट्या झोपाळ्यात बसली होती, आम्ही सगळ्याजणी कार्पेटवर, आणि सोफ्यावर मधोमध सुनेत्राची आई. पुण्याहून नुकत्याच आलेल्या माई. त्या जावयाचं कौतुक सांगत होत्या आणि बायका 'हो ना, हो ना' करत होत्या. नरेंद्रचं कौतुक ऐकायची आम्हाला सवयच आहे. मंडळाचा अध्यक्ष, अडल्यानडल्याचा काका, नव्यानं आलेल्या पोरांना विमानतळावरून घरी आणणारा. "माझं कुंकू नरेंद्ररावांनी राखलं बघा," माई म्हणाल्या. "ह्यांच्या रक्तात दोष निघाला. डॉक्टरांनी हात टेकले. आणि जावई देवासारखे इंजेक्शनं घेऊन उभे! सांताक्रूझहून टॅक्सीनं थेट हॉस्पिटलात. लहान मुलांचा केशरी थर्मास होता, त्यात बर्फ. वर कुत्र्याचं चित्र. अजून जपून ठेवलाय मी." मी वाटी खाली ठेवली. मी विचारलं, "माई, त्या कुत्र्याचा एक कान काळा होता का हो?" "अगंबाई! तुला कसं ठाऊक?" "तसलेच मिळायचे तेव्हा," मी म्हटलं. सुनेत्रा पन्ह्याचा पेला पुढे करत होती, निर्मळ चेहऱ्यानं. तिला काहीच ठाऊक नव्हतं हे मला दिसत होतं. मी पन्हं प्यायले, ओटी भरून घेतली, हळद लावून घेतली, कुंकू लावून घेतलं, आणि गाडीत बसून दार लावून घेतलं.

कुत्र्याचा कान माझ्या मुलानं, अमितनं काळा केला होता. किंडरगार्टनमध्ये होता तेव्हा, मार्करनं. एकोणऐंशी साली मी त्याचा थर्मास हिसकावून घेतला आणि तो रडरड रडला, "दॅट्स माइन, आई, दॅट्स माइन!" मी म्हटलं, आजोबांचं औषध त्यातून जाणार आहे, रडू नकोस. माझ्या वडिलांना, अण्णांना, सांगलीला रक्ताचा आजार निघाला होता आणि तेव्हा आपल्याकडे त्याची इंजेक्शनं मिळत नसत. इथल्या ज्या हॉस्पिटलच्या लायब्ररीत मी अर्धवेळ काम करत होते तिथल्या डॉक्टरच्या मी अक्षरशः पाया पडले होते, मराठीत पडतात तसं, खाली वाकून. तो गोरा माणूस इतका घाबरला की एका पेशंटपुरती इंजेक्शनं त्यानं मिळवून दिली आणि पुन्हा मागू नका म्हणाला. नरेंद्रच्या सासऱ्यांनाही तोच आजार निघाला होता. त्यामुळेच आम्ही फोनवर बोलायचो. वहिनी, कुठलं औषध म्हणालात? वहिनी, थंड ठेवावं लागतं का? वहिनी, आणखी नाही का हो मिळणार? मी सगळं सांगत होते. दोघांचंही घर एकाच वादळात सापडलेलं, असं मला वाटायचं. आणि नरेंद्र भारतात निघाला होता. आमच्यात देशात निघालेल्या माणसाची बॅग त्याची एकट्याची नसतेच. कुणाची चॉकलेटं, कुणाचं कॅल्क्युलेटर, कुणाच्या आईचा स्वेटर. निघणाऱ्यानं नाही म्हणायचं नाही आणि देणाऱ्यानं शंका घ्यायची नाही. पावती नाही, सही नाही. विचारणं म्हणजे अपमान. परक्या देशात आम्ही एकमेकांवर टाकलेला हा एवढाच विश्वास. मीही ओहेअर विमानतळावर त्याच्या हातात थर्मास दिला, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हटलं, नीट जा.

श्रीरंग, माझा भाऊ, सांताक्रूझला बाहेर उभा होता. बर्फाची पेटी घेऊन. नरेंद्र बाहेर आला, श्रीरंगाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, कस्टमनं ठेवून घेतलं रे, किती विनवण्या केल्या. एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. पण श्रीरंगानं, आमच्या भोळ्या सांबानं, त्याची बॅग उचलून टॅक्सीत चढवली. तीच बॅग, आत थर्मास. माझ्या अण्णांचं औषध माझ्याच भावानं स्वतःच्या हातांनी पुण्याला रवाना केलं. कस्टमचं नाव घेतल्यावर कोण शंका घेणार? तेव्हाचं कस्टम म्हणजे काय ते आम्ही सगळे भोगून होतो. टेपरेकॉर्डर गेला तर कस्टम, साडी गेली तर कस्टम. अण्णा पुढच्याच महिन्यात गेले. मी सांगलीला पोचले ती तेराव्याला. परत आले तेव्हा नरेंद्र भेटायला आला, सोफ्यावर बसला, मान खाली. आणि मी म्हटलं, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, नरेंद्र. तुमचा काय दोष?" वर त्याला श्रीखंड वाढलं. त्यानं दुसऱ्यांदा मागून घेतलं. आता शॉमबर्गच्या त्या लांबलचक सरळ रस्त्यावर गाडी हाकताना मला अण्णांच्या मरणापेक्षा त्या दुसऱ्या वाढीची जास्त चीड येत होती. माणसाचं असं विचित्र असतं.

घरी आले तर टेबलावर एलायजा थॉर्न पसरलेला. म्हणजे माझं पुस्तक. अण्णा गेल्यानंतर मी इतिहासाची पीएचडी करायला घेतली. संजीव, माझा नवरा, म्हणाला होता की मन रमेल. विषय निवडताना अमेरिकेच्या बाल्यावस्थेतले सरकारी करार चाळत होते आणि एका जागी 'कलकत्त्याचा सोरा' दिसला. या देशाला पहिलीवहिली बंदुकीची दारू करायला सोरा लागायचा तो आपल्याकडून यायचा, जहाजं भरभरून. परदेशात बाजारात आपल्या गावचा माणूस दिसावा तसं वाटलं आणि मी तिथेच अडकले. नवंकोरं सरकार, रिकामे किल्ले, समुद्रावर इंग्रजांची आणि फ्रेंचांची भीती. दारूच्या गिरणीवाल्यांशी करार व्हायचे. सरकार त्यांना सोरा देणार, त्यांनी गंधक आणि कोळसा घालून दारू करायची आणि ठरलेल्या तारखेला पिंपं किल्ल्यावर पोचवायची. कित्येकांनी पोचवलीच नाहीत. मग वाद, मग खटले. पेनसिल्व्हेनियातल्या एका ओढ्याकाठचा एलायजा थॉर्न हा त्यातला माझा लाडका. त्यानं सरकारचा सगळा सोरा घेतला आणि कळवलं की गिरणी उडाली. गिरण्या उडायच्याच. एक ठिणगी पुरे. त्यामुळे 'गिरणी उडाली' म्हटलं की बोलणंच खुंटायचं, वर लोक टोपी काढून सहानुभूती दाखवायचे. थॉर्नची गिरणी उडाली हे खरं होतं. फक्त दारू आधीच तयार होऊन फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर एका खासगी जहाजाच्या कप्तानाला गेली होती, आणि रिकामी गिरणी उडाली की उडवली हे देवाला ठाऊक. शेजाऱ्यांनी गाड्या जाताना पाहिल्या होत्या. त्यांनी साक्षी दिल्या. तोवर थॉर्न आपल्या अंथरुणात, उशीवर डोकं ठेवून, सुखानं मेला. सरकारनं मग त्याच्या जामिनाला धरलं. पीटर नावाचा त्याचा मेव्हणा, बिचारा शेतकरी, भरवशानं जामीन राहिलेला. तो तुरुंगात गेला. माझी संपादक मार्गरेट हा भाग वाचून म्हणाली होती, "पद्मिनी, धिस इजन्ट हिस्टरी. यू आर हँगिंग द मॅन." मी तेव्हा हसले होते. मला खरंच वाटायचं की मी तटस्थ आहे. आता टेबलासमोर उभी राहिले आणि लक्षात आलं, मला कधीपासूनच माहीत होतं. डोक्याला नव्हतं, पण हातांना होतं. सहा वर्षं मी थॉर्नच्या नावानं नरेंद्रलाच लिहीत होते.

संजीवला सांगितलं. तो टीव्ही बंद न करताच म्हणाला, "जाऊ दे ना यार पद्मिनी. सहा वर्षं झाली. प्रूव्ह काय करणार तू?" मग थोड्या वेळानं, "आपल्या ग्रुपमध्ये उगाच टेन्शन नको." ग्रुप! माझा बाप गेला आणि याला ग्रुपची काळजी. मी कितीतरी वेळ कूस बदलली नाही, ताठ पडून राहिले आणि शिक्षा ठरवत राहिले. मंडळाच्या सभेत उभं राहून बोलावं. पण तो नम्रपणे मान खाली घालेल आणि अर्धी सभा त्याच्यासाठी रडेल. सुनेत्राला सांगावं. ती मोडून पडेल, पण ते तिचं पडणं, त्याचं नाही. नरेंद्रला दुखेल अशी जागा एकच होती. ज्याच्यासाठी त्यानं चोरी केली तो माणूस त्याच्याकडे देव म्हणून बघत होता. तो देव फोडायचा. सासरे, नाना, माईंबरोबर इथेच आलेले होते, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. ठरलं तशी मला गाढ झोप लागली. इतकी छान झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

सोमवारी नरेंद्र आणि सुनेत्रा कामावर गेलेले. इथे आलेल्या आईवडिलांचे दिवसभर हाल असतात. चालत जावं असं कुठे काही नाही, फोन उचलायची भीती, मायक्रोवेव्हची भीती. माई आत झोपल्या होत्या आणि नाना ड्राइव्हवेवर नातवाची सायकल उलटी करून तिची साखळी बसवत होते. पुण्यात त्यांचं सायकलींचं दुकान होतं, आयुष्य त्यात गेलेलं. मी त्यांना याआधी एकदाच पाहिलं होतं. ठेंगणे, नीटस, लेंग्यावर जावयाचं जॅकेट. निरोगी. गालांवर लाली. मला वाटलं होतं मी त्यांच्याकडे बघू शकणार नाही, पण उलटंच झालं, नजर हलेना. मानेवर हजामतीनंतर वाढलेले पांढरे केस, मनगटाची हालचाल, साखळी बसली तेव्हा तोंडातून निघालेला 'हां'. हे सगळं चोरीचं, असं मी मनात म्हणत होते. हा श्वास, ही लाली, ही कोवळ्या उन्हातली सकाळ. "बसा, बसा," ते म्हणाले आणि स्वतःची घडीची खुर्ची मला दिली. "सुनेत्रा सांगत होती, तुम्ही पुस्तक लिहिताय म्हणे. दारूगोळ्यावर? बाईमाणसानं भलताच विषय घेतलात!" मी म्हटलं, "सांगू का तुम्हाला?" आणि सांगायला लागले. मला गोष्ट सांगता येते. किल्ला, त्यावरचे शिपाई, रिकाम्या तोफा. कराराची तारीख जवळ येतेय आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलेले लोक. थॉर्नचं गोड बोलणं, गिरणीचा स्फोट, लोकांनी काढलेल्या टोप्या. मग दारू खरी कुठे गेली ते. नाना बसायचं विसरून ऐकत होते. "हरामखोर," ते म्हणाले. मी म्हटलं, "पण नाना, तो कप्तान. त्यानं तर दारू घेतली ती सरळ मनानं. त्याला ठाऊकच नव्हतं ती कुणाची. त्या दारूच्या जोरावर त्याचं जहाज वाचलं. त्याला काय म्हणायचं?" नानांनी चिंधीला हात पुसले. "आमच्या धंद्यात याला साधा न्याय आहे," ते म्हणाले. "चोरीची सायकल कुणी भाबडेपणानं घेतली तरी पोलीस आले की खाली उतरायचं आणि सायकल परत करायची. मला माहीत नव्हतं, ही सबब चालत नाही. मी स्वतः दोनदा परत केल्यात." मी या क्षणाची वाट बघत होते. खूप गोड वाटलं. मी म्हटलं, "नाना, एकोणऐंशी साली नरेंद्रनं आणलेली इंजेक्शनं माझ्या वडिलांची होती. माझ्या भावाला त्यानं सांगितलं की कस्टमनं ठेवून घेतली. माझे वडील पुढच्या महिन्यात गेले. थर्मास माझ्या मुलाचा." बस, एवढंच. आवाज चढवला नाही. नानांनी सायकलीचं उलटं चाक हातानं थांबवलं. मी थांबले नाही. गाडी रिव्हर्स घेताना आरशात दिसले ते तसेच चाक धरून उभे होते. मी सिग्नलला गाणं गुणगुणत होते.

संध्याकाळी नरेंद्रचा फोन आला. येणारच होता, मी पोळ्या लवकर उरकून घेतल्या होत्या. "वहिनी, हे काय केलंत?" "तुम्ही काय केलंत?" "नानांनी सकाळपासून तोंड उघडलं नाहीय. माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. सुनेत्रा रडतेय. वहिनी, अहो ऐका. प्लेनमध्ये तो थर्मास मांडीवर घेऊन बसलो होतो मी. पूर्ण रस्ता. द्यायचाच होता, देवाशपथ. बाहेर श्रीरंग दिसला आणि तोंडातून भलतंच निघून गेलं. अण्णांची केस लेट झाली होती, तुम्हीच म्हणाला होतात. नानांना चान्स होता. मी लॉजिकली..." "ते ठरवणारे तुम्ही कोण?" मी विचारलं. पलीकडून त्याचा श्वास ऐकू येत होता. इतकी वर्षं ज्याला गुळगुळीत समजत होते तो माणूस फोनवर हुंदका दाबत होता, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मला ते आवडलं. तो रडावा, पुरता रडावा, असं वाटलं. "आणि श्रीखंड?" मी म्हटलं. "कसलं श्रीखंड?" त्याला आठवतही नव्हतं. मी फोन ठेवला. अमितनं पुस्तकातून डोकं वर काढलं. "आई, व्हाय आर यू स्माइलिंग लाइक दॅट?" मी म्हटलं, काही नाही, जेवायला चल. त्या रात्री भाजीला मीठ जास्त पडलं होतं तरी मी दोनदा वाढून घेतली.

बुधवारी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर नाना. मागे ड्राइव्हवेवर नरेंद्रची गाडी, आत नरेंद्र, समोर बघत, दोन्ही हात स्टीअरिंगवर. नानांनी कोट घातला होता, कार्यालयात लग्नाला जाताना घालतात तसला. आत आले, चपला काढल्या, पाणी नको म्हणाले. मी तयार होते. ते रागावले असते तर माझ्याकडे उत्तर होतं. माफी मागितली असती तर ती नाकारायची कशी हेही मी ठरवून ठेवलं होतं. ते सोफ्याच्या कडेवर बसले. "मी परत जायचं म्हणत होतो," ते म्हणाले. "पण ती रडते, मुलगी रडते. आणि जाऊन तरी काय? मी म्हटलं होतं तुम्हाला, परत करावं लागतं. दोन दिवस विचार करतोय. परत करता येत नाही हो. जगलो ते जगलो. झोपेत गेलं काही, काही दुकानात, काही नुसतं बाल्कनीत बसून. तुमच्या वडिलांनी ते जास्त चांगलं वापरलं असतं." त्यांनी कोटाची बटणं चाचपली. "जावयाशी काय करायचं ते मी करीन, ते माझ्यावर सोडा. मी त्यासाठी आलो नाही. माझं एक मागणं आहे. ते कसे होते ते सांगा मला. कुणाच्या वाट्याचं जगतोय एवढं तरी माणसाला ठाऊक पाहिजे."

मी सरसावून बसले. सांगायला मला आवडणार होतं, एकेक शब्द बाहेर बसलेल्या नरेंद्रला लागेल असा. म्हटलं, "त्यांचं निदान त्या मार्चमध्ये झालं. आधी सांगलीला, मग मिरजेला तपासण्या. पेशी वाढत होत्या. डॉक्टरांनी इंजेक्शनाचं नाव लिहून दिलं..." नाना हात वर करून थांबवत म्हणाले, "ते नको. ते मला ठाऊक आहे, माझंही तसंच झालं. आजार सोडून सांगा. माणूस कसा होता? हसायचे का? खायला काय आवडायचं? कशावरून चिडायचे?" मी तोंड उघडलं. अण्णा हसायचे का? हसत असणार. मला सायकल शिकवायचे... नाही, तो सुलभामावशीचा नवरा. मी मनातल्या मनात सांगलीच्या घरात शिरले आणि अण्णांच्या खुर्चीपर्यंत गेले. खुर्ची दिसली. तिच्यात बसलेल्या माणसाला चेहरा येईना. आला तो नरेंद्रचा. तो मात्र लख्ख. ओहेअरला घातलेला तपकिरी कोट, एक बटण तुटकं, कपाळावर माझ्या बोटाचं कुंकू, डाव्या भुवईतला तीळ, श्रीखंडाचा चमचा धरायची त्याची तऱ्हा. आणखी आत गेले तर एलायजा थॉर्न, ज्याला मी कधी पाहिलंच नाही, त्याचासुद्धा आवाज ऐकू येत होता. अण्णांचा नाही. "सांगा ना," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, बिचाऱ्यांना वाटलं मला हुंदका आवरत नाहीय. बाहेर गाडीत नरेंद्र तसाच बसून होता. हेही त्यानंच नेलं, असं मी स्वतःला म्हणून बघितलं, जोर लावून, दातओठ खाऊन. नाही पटलं. नाना वाट बघत होते. "चहा करते," मी म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सांगलीला श्रीरंगाला फोन लावला. तिकडे मध्यरात्र होती. तो घाबरून म्हणाला, "ताई, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही रे. अण्णांना खायला काय आवडायचं?"